खोलीतला उजेड आणि तासन्‌तासांचं एक्स्पोजर: घरी केलेल्या पिनहोल कॅमेऱ्यानं आतली छायाचित्रं

कवडसा

पिनहोल कॅमेऱ्याची, म्हणजे भिंगाऐवजी बारीक भोक असलेल्या डब्याची, चर्चा बहुतेक वेळा उन्हातच थांबते. डबा, भोक, ब्रोमाइड पेपर (फोटो छापायचा प्रकाशसंवेदी कागद), बाहेर लख्ख ऊन, अर्ध्या मिनिटात निगेटिव्ह (उजळ जागी काळं, काळोख्या जागी पांढरं असं उलटं चित्र) तयार. तोच डबा खोलीत आणून ठेवला की सगळा हिशेब बदलतो. हा धागा फक्त त्या आतल्या चित्रांसाठी काढतोय, कारण त्यावर मराठीत सविस्तर काही वाचायला मिळत नाही आणि मला हा प्रकार फार जवळचा आहे.

आधी माझं म्हणणं मांडतो, मग तपशील. आतल्या चित्रात वेळ ही अडचण नसतेच. डबा ठेवून द्यायचा, आपापली कामं करायची. अडचण असते ती उजळ भाग आणि काळोखा भाग यांच्यातल्या अंतराची, आणि एक्स्पोजर जितकं लांबतं तितकं हे अंतर वाढत जातं. हे लक्षात घेतलं नाही तर कितीही तास दिले तरी हाती येते ती जळालेली खिडकी आणि कोरी खोली.

कॅमेरा साधा आहे. घट्ट झाकणाचा पत्र्याचा चौकोनी डबा, आतून मॅट काळा. भोकासाठी शीतपेयाच्या कॅनचा पत्रा घेतो. सुईच्या टोकानं हलका खळगा पाडायचा, मागे आलेला उंचवटा बारीक पॉलिश पेपरनं घासायचा, पुन्हा सुई फिरवायची, पुन्हा घासायचं. आरपार गेल्यावर भोक गोल आहे का आणि कडेला कुसळ राहिलंय का, हे भिंगातून बघायचं. माप घ्यायला स्कॅनर उत्तम. २४०० डीपीआयला एक पिक्सेल म्हणजे ०.०१०६ मिलिमीटर, त्यामुळे भोक ३३ पिक्सेल भरलं तर ते ०.३५ मिलिमीटरचं आहे.

हे ०.३५ कुठून आलं? भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८९१ मध्ये मांडलेल्या सूत्रातून: भोक ते कागद हे अंतर गुणिले प्रकाशाची तरंगलांबी, त्याचं वर्गमूळ, गुणिले १.९. माझ्या डब्यात अंतर ७० मिमी आहे. हिरव्या प्रकाशाला ०.३७ येतं, पण पेपर मुख्यतः निळा उजेड टिपतो आणि निळ्याची तरंगलांबी कमी, म्हणून थोडं लहान घेतलं. ७० भागिले ०.३५ म्हणजे एफ २००. हा आकडा जितका मोठा तितका आत येणारा उजेड कमी.

आता वेळेचा हिशेब. दिवसा, थेट ऊन न येणाऱ्या खोलीत, खिडकीपासून दूरच्या कोपऱ्यात साधारण ८० लक्स उजेड असतो असं धरू. लाइट मीटर आयएसओ १०० ला (आयएसओ म्हणजे फिल्मचा वेग, ती किती झटकन उजेड टिपते ते) एफ १६ वर ८ सेकंद सांगेल. एफ १६ वरून एफ २०० वर जायचं तर २०० भागिले १६ याचा वर्ग, म्हणजे १५६ पट. ८ गुणिले १५६ म्हणजे १२५० सेकंद, जवळपास २१ मिनिटं. हे झालं आयएसओ १०० ला. ब्रोमाइड पेपरचा वेग कॅमेऱ्यात ३ ते ६ च्या आसपास धरतात. ६ धरला तरी पावणेसहा तासांच्या वर जातं.

आणि इथे आणखी एक गोष्ट आडवी येते. उजेड निम्मा झाला तर वेळ दुप्पट, हा नियम मंद उजेडात मोडतो. चांदीच्या क्षाराच्या एका कणात काही प्रकाशकण ठरावीक अवधीत पोचले तरच तिथे टिकाऊ ठसा उमटतो. ते फार रेंगाळत आले तर पहिल्यानं केलेलं काम दुसरा येईपर्यंत विस्कटून जातं. ताऱ्यांचे फोटो मोजताना खगोलशास्त्रज्ञ कार्ल श्वार्झशिल्ड यांनी (कृष्णविवरांच्या गणितामुळे ज्यांचं नाव माहीत असतं तेच) हा परिणाम १८९९ च्या सुमारास सूत्रात बांधला. फिल्म बनवणारी इलफोर्ड आजही तशाच धर्तीचं घातांकाचं सूत्र देते: मीटरनं सांगितलेले सेकंद घ्या आणि त्यांचा ठरलेला घात काढा. त्यांच्या एचपी५ प्लस या फिल्मसाठी १.३१, एफपी४ प्लससाठी १.२६.

वरच्याच कोपऱ्यात एचपी५ प्लस, आयएसओ ४००: मीटरच्या हिशेबानं ३१२ सेकंद, घात काढल्यावर १८५० च्या आसपास, म्हणजे अर्धा तास. एफपी४ प्लस, आयएसओ १२५: १००० सेकंदांचे होतात ६००० हून जास्त, म्हणजे एक तास चाळीस मिनिटं.

आता मूळ मुद्दा. समजा भिंतीच्या उजळ भागाला मीटर २० सेकंद सांगतोय आणि टेबलाखालच्या काळोखाला २००० सेकंद. फरक १०० पट. पण एचपी५ ला भिंतीसाठी लागतात ५१ सेकंद आणि काळोखासाठी जवळजवळ २१,१०० सेकंद, म्हणजे पावणेसहा तासांहून जास्त. फरक झाला ४१७ पट! डोळ्याला दिसणाऱ्या अंतरात फिल्मनं स्वतःहून दोन स्टॉपची (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) भर घातली. बाहेर, अर्ध्या मिनिटाच्या चित्रात हा त्रास फारसा जाणवत नाही. आत तो सगळ्या निर्णयांच्या मुळाशी असतो.

म्हणून मी वेळ सावलीसाठी ठरवतो आणि उजळ भागाला इतर मार्गांनी आवरतो. खिडकी चौकटीच्या मध्यावर कधीच ठेवत नाही, काठाशी किंवा कोपऱ्यात ठेवतो. सपाट कागदावर पिनहोलचा उजेड कडेला झपाट्यानं घटतो: ४५ अंशांवर मध्याच्या चौथा हिस्सा, आणि ७० मिमीवर ४×५ इंची कागद धरला तर कोपऱ्यात पाचवा-सहावा हिस्सा. लोक याला दोष म्हणतात. आतल्या चित्रात हीच घट खिडकीला आपोआप दोन-अडीच स्टॉप खाली आणते. त्याशिवाय खिडकीवर पातळ पांढरा पडदा, आणि कागदाला पूर्वप्रकाश. त्याबद्दल कोणी विचारलं तर वेगळं लिहीन.

चित्रात काय उरतं हा माझ्या आवडीचा भाग. खोलीतून ये-जा करणारी माणसं पूर्ण नाहीशी होतात. जो एका जागी बराच वेळ बसतो तो अर्धा उरतो. पुढेमागे सरकवलेली खुर्ची दोन पारदर्शक खुर्च्या होते. घड्याळाच्या तबकडीवर मिनिटकाटा दिसतच नाही, तासकाटा पंख्यासारखा पसरतो. लंबकाचं घड्याळ असेल तर लंबकाची दोन टोकं जरा ठळक येतात, कारण वळताना तो तिथे रेंगाळतो.

तुमचे अनुभव, आकडे, अडचणी जरूर लिहा.

अंधारखोली

फार दिवसांनी असा धागा आला. वाचनखूण साठवली. खिडकी कोपऱ्यात ठेवायची कल्पना विशेष आवडली.

पूर्वप्रकाशाबद्दल मीच लिहितो, कारण माझं सगळं काम पेपर निगेटिव्हवर आहे आणि हे तंत्र नसतं तर मी आतली चित्रं केलीच नसती. कॅमेऱ्यात घालण्याआधी कागदावर एकसारखा, अगदी मंद पांढरा उजेड पाडायचा. इतकाच की डेव्हलप केल्यावर (रसायनात चित्र उमटवल्यावर) तो कागद अजून पांढराच दिसेल, पण उंबरठ्यावर येऊन उभा असेल. मग सावलीतून आलेला किरकोळ उजेडही वाया जात नाही, तो थेट करडेपणात दिसतो. उजळ भागांत आधीच इतका उजेड असतो की तिथे या भरीनं काही फरक पडत नाही. म्हणजे अंतर खालच्या बाजूनं कमी होतं.

प्रमाण ठरवायला एन्लार्जर (निगेटिव्ह मोठं करून कागदावर पाडणारं यंत्र) असेल तर त्याचं छिद्र अगदी लहान करून, नसेल तर लांब टांगलेल्या छोट्या दिव्याखाली, पट्टीवर एकेक सेकंद वाढवत चाचणी घ्या. जिथे पहिल्यांदा करडा रंग दिसतो त्याच्या अलीकडची पायरी तुमची. कागदाचा गठ्ठा बदलला की चाचणी पुन्हा.

दुसरं, मल्टिग्रेड पेपर (उजेडाच्या रंगाप्रमाणे ज्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-काळोखातला फरक, बदलतो तो) वापरत असाल तर दिवसाच्या निळसर उजेडात तो कडक वागतो, कारण त्याचा निळ्याला प्रतिसाद देणारा भाग जास्त कॉन्ट्रास्टचा असतो. भोकासमोर पिवळा फिल्टर लावला की तो मऊ होतो. पण वेळ वाढतो, आणि इथे आधीच तास मोजतोय. त्यापेक्षा ठरावीक ग्रेडचा मऊ पेपर मिळाला तर तो घ्यावा आणि डेव्हलपर नेहमीच्या तीन-चार पट पातळ करावा. पातळ डेव्हलपर उजळ भागापाशी लवकर थकतो, सावलीत काम करत राहतो.

निळीशाई

मी या प्रकारात अगदी नवी आहे. रात्री दिव्याच्या उजेडात प्रयत्न करतेय. मोबाइलच्या मीटरप्रमाणे हिशेब केला, वर दुप्पट वेळही दिला, तरी कागदावर फक्त दिव्याची जागा काळी येते, बाकी कागद कोरा. डब्यात उजेड शिरत नाहीये हे तपासलंय. दिवा पिवळसर एलईडी आहे. कागदाचा वेग चुकीचा धरला जातोय का?

कवडसा

@निळीशाई, वेग चुकीचा नाही, दिवा चुकीचा आहे. मीटर डोळ्यासारखं बघतं, त्याला पिवळा-तांबडा उजेडही उजेडच वाटतो. ब्रोमाइड पेपरला लाल-नारिंगी दिसतच नाही. म्हणून तर डार्करूममध्ये सेफलाइट (मंद लाल-नारिंगी दिवा) लावून काम करता येतं. पिवळसर दिव्यात निळा भाग फार थोडा, त्यामुळे मीटरनं मोजलेल्या उजेडाचा मोठा हिस्सा तुमच्या कागदापर्यंत पोचून न पोचल्यासारखा आहे.

थंड पांढऱ्या रंगाचा एलईडी लावा, ज्याच्या खोक्यावर ६५०० के लिहिलेलं असतं तो. पांढऱ्या एलईडीच्या मुळाशी ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा उजेडच असतो, कागदाला तो चांगला चालतो. दिवा चौकटीबाहेर ठेवा आणि उजेड छतावर किंवा भिंतीवर पाडून परतवा. चौकटीत दिवा हवाच असेल तर तो फिल्मवर घ्या. एचपी५ सगळे रंग बघते, पिवळ्या दिव्यातही मीटरशी बरीच प्रामाणिक राहते.

अंधारखोली

@निळीशाई, +१. मेणबत्तीचंही तेच. मेणबत्तीच्या उजेडातलं चित्र पेपरवर करायचा हट्ट धरू नका. फिल्मवर मात्र सुंदर विषय आहे. ज्योत खाली सरकत जाते आणि चित्रात एक उभा उजळ पट्टा येतो, त्याची लांबी म्हणजे जळलेली मेणबत्ती.

टाचणी

धागा उत्तम. एका समजुतीबद्दल लिहायला हवं, कारण आतल्या चित्रांत ती आडवी येते. पिनहोलला जवळ-लांब सगळं सारखंच स्पष्ट दिसतं असं सर्रास सांगतात. भिंगासारखा फोकस बदलत नाही हे खरं, पण सारखंच स्पष्ट हे बरोबर नाही. एका बिंदूची कागदावर जी टिकली पडते ती लांबच्या वस्तूसाठी भोकाएवढी, आणि जवळच्या वस्तूसाठी भोकाहून मोठी. कवडसा यांचा ७० मिमीचा डबा घ्या. वस्तू १० सेंटिमीटरवर असेल तर टिकली भोकाच्या १.७ पट होते. खोलीत आपण टेबलावरची फुलदाणी, पेला, चष्मा असे विषय घेतो तेव्हा हे दिसतं.

उपाय आहे. जवळच्या विषयासाठी भोक लहान करा. रॅलेच्या सूत्रात अंतर ७० च्या जागी, ७० आणि १०० या दोन अंतरांच्या व्यस्तांची बेरीज करून तिचा व्यस्त घाला. तो येतो ४१ मिमी, आणि भोक ०.२९. वेळ अर्थातच वाढतो, जवळजवळ दीडपट. पण वस्तू जवळ असल्यानं ती कागदावर मोठी येते, बारकावे जास्त मिळतात, तेव्हा ते सार्थकी लागतं.

कवडसा

@टाचणी, धन्यवाद, हे मूळ लेखात असायला हवं इतकं महत्त्वाचं आहे. एक जोडतो: ०.२९ चं भोक पाडायचं तर पत्रा जितका पातळ तितकं बरं. जाड पत्र्यातलं लहान भोक म्हणजे बोगदा होतो आणि कडेचे तिरपे किरण अडतात. आतल्या रुंद चित्रात कोपरे त्यामुळे पार बुडतात.

सेकंदकाटा

माझी बाजू थोडी वेगळी आहे. मी डिजिटल कॅमेऱ्याच्या बॉडी कॅपला (भिंग काढल्यावर लावायच्या झाकणाला) भोक पाडून त्यावर पत्रा चिकटवलाय. एका सलग तासाऐवजी पाच-पाच मिनिटांची चित्रं घेतो आणि नंतर संगणकावर त्यांची सरासरी काढतो. सेन्सरमध्ये श्वार्झशिल्डची भानगड नाही. प्रकाश सरळ बेरजेनं साठतो, १०० पट फरक १०० पटच राहतो. शिवाय खिडकी जळत नाही, कारण प्रत्येक तुकड्यात ती मर्यादेत असते.

अडचण उष्णतेची. सेन्सरमधला अंधारातला प्रवाह साधारण दर ६ ते ८ अंशांना दुप्पट होतो, त्यामुळे लांब तुकडे घेतले की पांढरे-लाल ठिपके वाढतात. कॅमेऱ्यातलं नॉइज रिडक्शन चालू ठेवलं तर तो प्रत्येक तुकड्यानंतर तितकाच वेळ शटर बंद ठेवून अंधाराचं चित्र घेतो. म्हणजे निम्मा काळ गळतो, आणि हलणाऱ्या गोष्टींत खाचा पडतात. ते बंद ठेवावं, आणि शेवटी टोपण लावून काही अंधाराची चित्रं वेगळी घ्यावी. धूळही फार. भिंगाच्या कॅमेऱ्यात न दिसणारा सेन्सरवरचा कण पिनहोलला काळा डाग होऊन दिसतो.

तेव्हा कॉन्ट्रास्ट हाच मुख्य प्रश्न असेल तर डिजिटल बेरीज हे त्याचं सरळ उत्तर नाही का?

अंधारखोली

@सेकंदकाटा, उत्तर आहे, पण वेगळ्या प्रश्नाचं. पहिली गोष्ट, बॉडी कॅपवरचं भोक सेन्सरपासून साधारण ४५ मिमीवर असतं आणि सेन्सर लहान. ०.२८ मिमीच्या टिकलीनं ३६ मिमी रुंदीच्या सेन्सरवर किती बारकावा मावेल? तीच टिकली ५×७ इंची कागदावर घ्या, रुंदीत पाचपट जास्त ठिपके मावतात. खोलीतलं सामान, पुस्तकांच्या पाठी, चटईची वीण, हे सगळं कागदाच्या आकारावर अवलंबून आहे.

दुसरी गोष्ट मनाची आहे. एकाच कागदावर एक अख्खा दिवस साठलाय, मध्ये कुठे सांधा नाही, याला माझ्या लेखी किंमत आहे. सरासरीत मी नंतर ठरवू शकतो की अमुक तुकडा नको. कागदाच्या बाबतीत तो दिवस जसा गेला तसा गेला.

सेकंदकाटा

बारकाव्याचा मुद्दा मान्य, तो भूमितीचाच आहे. सांध्याचा मान्य नाही. कोणत्याही तुकड्याला हात न लावता बेरीज करायची, असा नेम मी पाळतो. साधन बदललं म्हणून साठलेला काळ खोटा होत नाही. आणि शिकणाऱ्याला डिजिटलचा मोठा उपयोग म्हणजे खोलीचा उजेड दिवसभर कसा फिरतो ते तुकड्या-तुकड्यानं बघता येतं. मग कागद लावायची वेळ नेमकी निवडता येते.

कवडसा

दोघांचंही पटतं. सेकंदकाटा यांच्या शेवटच्या वाक्यावरून उन्हाबद्दल लिहायचं राहिलं होतं ते लिहितो.

आतल्या चित्राला सगळ्यात मोठा धोका उन्हाच्या तुकड्याचा. खोलीतला उजेड आणि थेट ऊन यांत सहज ९ स्टॉपचा फरक असतो, म्हणजे ५१२ पट. खिडकीची काच थोडा उजेड अडवते ते सोडून देऊ. जमिनीवर एका जागी एक मिनिट ऊन पडलं तर तिथे खोलीतल्या साडेआठ तासांचा उजेड साठला. सहा तासांच्या एक्स्पोजरमध्ये ढग बाजूला झाला आणि दोन मिनिटं ऊन आलं, की त्या जागी बाकी सगळ्या दिवसाहून जास्त नोंद होते.

पण हेच मुद्दाम वापरता येतं. सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो, त्यामुळे खिडकीच्या कडेपासून दोन मीटरवर पडलेला उन्हाचा तुकडा तासाला अर्धा मीटर किंवा जास्त चालतो. कागदावर त्याचा सगळा रस्ता उमटतो, कडा सरळ, ढगांच्या जागी फिके पट्टे. अशा चित्रात वेळ सावलीसाठी न ठरवता उन्हासाठी ठरवायचा, खोली गडदच ठेवायची. दोन्ही एकाच कागदात बसवायला जाऊ नये. विषय ऊन आहे की खोली, हे डबा ठेवण्याआधी ठरवावं लागतं.

पानगळ

वाचते आहे आणि माझा हात शिवशिवतोय. मी डेव्हलपर न वापरता करते ते इथे चालेल ना? ब्रोमाइड पेपर डब्यात घालून आठवडे, महिने ठेवून द्यायचा. इतका उजेड साठतो की कागद आपोआपच काळवंडतो, तपकिरी-जांभळट छटा येतात. बाहेर याच पद्धतीनं सूर्याच्या वाटा टिपतात. इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायर विद्यापीठाच्या बेफर्डबरी वेधशाळेत रेजिना व्हॉल्केनबर्ग यांनी २०१२ मध्ये एका दुर्बिणीवर कॅन लावला आणि तो २०२० मध्ये काढला गेला. आठ वर्षं आणि एक महिना. त्या कागदावर सूर्याच्या २,९५३ कमानी मोजल्या गेल्या.

खोलीत हे जमवायला खिडकी चौकटीत घ्यावीच लागते, आणि खिडकीच्या चौकटीजवळच्या वस्तू, पडद्याच्या चुण्या, काठावरची कुंडी एवढंच येतं. खोलीचा आतला कोपरा या पद्धतीनं काळवंडायला फार उजेड लागतो, त्याची आशा सोडावी. कुंडीतली झाडं मात्र बघण्यासारखी येतात. नवी पानं उजेडाकडे वळत जातात, जुनी गळतात, आणि सगळ्या झाडाचा एक धूसर पुंजका होतो ज्यात फक्त खोड ठाम असतं.

दोन सूचना. असा कागद डेव्हलपरमध्ये बुडवायचा नाही, क्षणात पूर्ण काळा होईल. फिक्सरही (चित्र पक्कं करणारं रसायन) नको, चित्र फिकट होतं आणि रंग जातात. मंद उजेडात डबा उघडायचा, कागद थेट स्कॅनरवर, जास्त रिझोल्यूशनला एकदाच स्कॅन करायचा, कारण स्कॅनरचा दिवाही त्याला काळवंडतो. मग काळ्या पाकिटात बंद. आणि दमट हवेत बुरशी येते म्हणून डब्यात सिलिका जेलची पुडी चिकटवून ठेवायची, भोकासमोर येणार नाही अशी.

टाचणी

@पानगळ, कुंडीतल्या झाडांवरून आठवलं. छायाचित्रकार मिखाएल वेझेली यांनी फुलदाणीतली ट्यूलिपची फुलं उमलून, वाकून, पाकळ्या गळेपर्यंत एकाच एक्स्पोजरमध्ये टिपली आहेत. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचं बांधकाम त्यांनी २००१ ते २००४ असं तीन वर्षं टिपलं, ते जास्त माहीत आहे, पण मला फुलांची चित्रं अधिक महत्त्वाची वाटतात. बांधकाम बदलतं हे कोणालाही दिसतं. फुलदाणीतलं फूल हलतं हे लक्षात यायला असंच चित्र लागतं.

अवांतर: खोलीलाच कॅमेरा करण्याचा प्रकारही याच कुळातला. छायाचित्रकार अबेलार्दो मोरेल यांनी १९९१ पासून खोल्या काळोख्या करून, खिडकीवरच्या आवरणाला छोटं भोक पाडून, बाहेरचं दृश्य आतल्या भिंतींवर आणि पलंगांवर उलटं पाडलं. मग आत ठेवलेल्या भिंगाच्या मोठ्या कॅमेऱ्यानं ते टिपलं. सुरुवातीच्या चित्रांना पाच ते दहा तास लागत.

निळीशाई

थंड पांढरा दिवा लावून, उजेड छतावर पाडून केलं. खोली आली! कपाट, दाराची चौकट, अगदी टेबलाचे पाय. कवडसा, अंधारखोली, मनापासून आभार. पूर्वप्रकाशाची चाचणी आता करणार आहे.

तीन शंका. एक, घरात लोक चालतात तेव्हा जमीन किंचित हादरते, त्यानं चित्र धूसर होत असेल का? दुसरी, एका रात्रीत एक्स्पोजर पुरं होत नाही, रात्री झाकून दुसऱ्या रात्री पुढे चालू केलं तर चालेल का? आणि घरातलं कोणी झोपलेलं असताना टिपायचं आहे, ते कितपत येईल?

कवडसा

@निळीशाई, वा! कपाट आलं म्हणजे गाडी रुळावर आहे.

हादऱ्याची काळजी करू नका. पाऊल पडल्यावर डबा क्षणभर थरथरतो आणि मूळ जागी परततो. सहा तासांत अशा क्षणांची बेरीज काही मिनिटंही होत नाही, कागद त्यांची दखल घेत नाही. खरी भीती डबा सरकून नव्या जागी थांबण्याची. मग अर्धा वेळ एक चित्र, अर्धा वेळ दुसरं. म्हणून डब्यावर वजन ठेवा, खाली दुहेरी चिकटपट्टी लावा, आणि भोकावरची झडप ओढून काढायची न ठेवता चुंबकाची ठेवा, म्हणजे उघडताना डब्याला धक्का बसत नाही. कागद आतमध्ये सैल असेल तर तोही बघा. हवा दमट झाली की ब्रोमाइड पेपर वाकतो आणि बारीक रेषा दुहेरी येतात. चारही कडांना पट्टी लावून सपाट बसवा.

दोन रात्रींत विभागून चालतं. तुकड्यातुकड्यानं दिलेला उजेड आणि सलग दिलेला उजेड यांचा परिणाम तंतोतंत सारखा होत नाही, पण दोन-तीन तुकड्यांत तो फरक नगण्य असतो. दिव्याची जागा मात्र हलवू नका, आणि मधल्या दिवसभरात डब्यावर जाड काळं कापड टाका. झडपेतून शिरणारा चिमूटभर उजेडही दिवसभरात भरपूर साठतो. खात्री करायची तर आत कागद घालून, झडप बंद ठेवून डबा एक दिवस त्याच जागी ठेवा आणि तो कागद डेव्हलप करा. पांढरा निघाला तर निर्धास्त व्हा.

झोपलेल्या माणसाबद्दल: माणूस एका कुशीवर जितका वेळ राहील तितका तो चित्रात उरेल. एकूण वेळाच्या दहाव्या हिस्स्याइतकं कुठे थांबला तर तिथे तो नेहमीपेक्षा तीन स्टॉपहून जास्त खाली नोंदला जातो. पांढरी चादर मागे असेल तर ती त्याच्यातून आरपार दिसेल. म्हणून पार्श्वभूमी गडद घ्या आणि अंगावर फिक्या रंगाचं पांघरूण द्या. गडद भागावर थोडा उजेड पडला तरी दिसतो, उजळ भागावरचा थोडा काळोख मात्र सहज पुसला जातो. चेहरा बहुधा येणार नाही, उशीतला खळगा आणि पांघरुणाच्या घड्या येतील. फिल्म वापरणार असाल तर डेव्हलपिंगचा वेळ १५ ते २० टक्के कमी करा, नाहीतर चादर पार जळेल.

आणि त्या व्यक्तीला आधी सांगा, दिवा रात्रभर चालू राहणार आहे.